सुटण्याची सोय

दाभोळच्या धक्क्यावर उतार संपतो तिथे, फेरीबोटीची वाट पाहत उभ्या असलेल्या एका टेम्पोच्या मागे, मी सायकल थांबवली आणि माझा डावा पाय पेडलवरून निघेना. टाच बाहेर वळवली. बूट वळला, पण बुटाखालची क्लीट पेडलच्या जबड्यात जिथल्या तिथे राहिली. पुन्हा वळवली, तिसऱ्यांदा वळवली. उजवा पाय सुदैवाने आधीच जमिनीवर होता म्हणून पडलो नाही. टेम्पोच्या फळीला हात टेकून, वाकून, बुटाची पट्टी सोडवून मी पाय बाहेर काढला, आणि एका पायात बूट व दुसऱ्यात नुसता मोजा अशा अवस्थेत तापलेल्या सिमेंटवर उभा राहिलो. रिकामा बूट पेडलला लोंबकळत होता. बोटीवर गाड्या चढवून घेणारा गडी हे सगळे शांतपणे पाहत होता. तो म्हणाला, "बूट जाऊ दे आधी बोटीवर, तुम्ही मागनं या."

पलीकडे धोपाव्याला पोहोचेपर्यंतच्या थोड्या वेळात, वाशिष्ठीच्या मुखावरचा वारा खात मी बूट हातात घेऊन उलटा केला आणि कारण लगेच सापडले. क्लीट म्हणजे चवड्याखाली सोलमध्ये बसवलेला, अंगठ्याच्या पेरापेक्षा थोडा मोठा पोलादी तुकडा. माझ्या प्रकारच्या बुटात तो शेजारी शेजारी असलेल्या दोन बोल्टांनी आवळलेला असतो. त्यातला एक बोल्ट दापोलीपासूनच्या खडबडीत रस्त्यावर कुठेतरी गळून पडला होता. दोन्ही बोल्ट जागेवर असतात तोवर बूट आणि क्लीट एकजीव असतात; टाच वळली की क्लीटही वळते आणि पेडलच्या स्प्रिंगला बाजूला सारून बाहेर पडते. एकच बोल्ट उरला की तो बिजागरीच्या खिळ्याचे काम करू लागतो. बूट त्याच्याभोवती फिरतो आणि वळवण्याचा जोर पेडलपर्यंत पोहोचतच नाही. थोडक्यात, एक बोल्ट गळल्यावर पकड सैल व्हायला हवी होती, ती कायमची झाली. एखादा भाग निखळल्यावर जे यंत्र माणसाला अधिकच घट्ट धरते, त्याची मांडणी कुठेतरी उलटी आहे, असे मला त्या बोटीवर वाटले, आणि तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

माझी सगळी नोकरी आयटीआयमध्ये फिटर ट्रेडच्या मुलांना कानस कशी धरावी हे शिकवण्यात गेली, त्यामुळे कोणतीही वस्तू हातात आली की तिचे किती भाग कमी करता येतील हे पाहण्याची खोड जडली आहे. निवृत्तीनंतर सायकल घेतली, आणि वर्षभराने शहरातल्या एका दुकानातून ही पेडल आणि बूट घेतले. दुकानदार त्यांना 'क्लिपलेस' म्हणाला. घरी आल्यावर हर्णैच्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला, ज्याचे बंदराजवळ बोटींची इंजिने दुरुस्त करण्याचे वर्कशॉप आहे, मी ती दाखवली, तेव्हा त्याने रास्त प्रश्न विचारला: "सर, बिनक्लिपचं म्हणता, मग अडकतंय कसं?" या नावाचा उलगडा इतिहासातच होतो. पूर्वी पेडलच्या पुढे पोलादी पिंजऱ्यासारखी क्लिप असे, तिच्यात चवडा सारून वरून चामड्याचा पट्टा आवळत. ती क्लिप गेली म्हणून नवे पेडल क्लिपलेस झाले, आणि पाय पूर्वीपेक्षा पक्का अडकूनही ते नाव टिकले.

या रचनेचा मूळ प्रश्न मांडायला सोपा आहे. पेडल मारताना पाय खाली दाबला जातो, तळाशी मागे ओढला जातो, वर येताना थोडासा उचलला जातो आणि माथ्यावर पुढे ढकलला जातो. यांपैकी कोणत्याही जोराने पाय सुटता कामा नये. तरीही मनात आले की क्षणात सुटला पाहिजे. आमच्याकडे माडावर चढणारा गडी पायांत दोरीचे वळे अडकवतो. त्याच्या अंगाचा भार पडला की वळे खोडाला आवळते, आणि भार काढून पाय उचलले की आपोआप सैल पडते. त्याहून साधी पकड मी पाहिलेली नाही. मात्र ती सायकलला चालणार नाही, कारण तिथे पाय उचलणे हीच सुटण्याची खूण आहे आणि सायकलवर पाय तर मिनिटाला ऐंशी वेळा उचलला जातो. चारही दिशा अशा कामाला लागल्यावर पायाजवळ एकच मोकळी हालचाल उरते: टाच बाहेर वळवणे. पेडल मारताना ती कोणी करत नाही आणि पडायला लागल्यावर सहज करता येते. क्लिपलेस पेडलची सारी अक्कल या एका निवडीत आहे, बाकीचे तपशील तिच्यामागून येतात.

ही निवड बर्फावरून आली. फ्रान्समधल्या नेव्हेर गावची 'लूक' ही कंपनी स्कीचे, म्हणजे बर्फावर घसरण्याच्या पट्ट्यांचे, बंध बनवत असे. पडताना पट्टी बुटापासून सुटली नाही तर पाय मोडतो, म्हणून पाय पिरगळला की सुटणारा बंध त्यांनी आधीच साधला होता. १९८४ साली त्यांनी तीच कल्पना सायकलच्या पेडलला लावली आणि १९८५ मध्ये फ्रान्सचा सायकलपटू बर्नार हिनो तीच पेडल वापरून टूर द फ्रान्स ही शर्यत जिंकला. तो त्याचा पाचवा विजय होता. त्यानंतर पट्टे आवळणाऱ्यांचे दिवस भराभर संपले. त्याआधी, १९७० च्या दशकाच्या आरंभी, इटलीच्या चिनेल्ली कंपनीने बिनपट्ट्याचे एक पेडल आणले होते. त्यात पाय सोडवायला खाली वाकून हाताने खटका सरकवावा लागे. त्या क्लीटला इंग्रजीत 'मरणाची क्लीट' असे टोपणनाव पडले. भाग मोजायचे झाले तर तेच पेडल अधिक साधे ठरेल. माझ्या मते साधेपणाची ही गणती चुकीची आहे, कारण त्यात सायकलस्वाराच्या हाताला आणि भीतीला भाग म्हणून मोजलेले नाही. दाभोळच्या धक्क्यावर मी वाकलो तेव्हा मी नकळत त्या जुन्या चिनेल्लीवरच बसलेलो होतो.

लूकची क्लीट मोठी, तिकोनी आणि तीन बोल्टांची होती. ती सोलच्या खाली उंचवट्यासारखी राही, त्यामुळे उतरल्यावर बदकासारखे चालावे लागे. १९९० साली जपानच्या शिमानो कंपनीने डोंगरात सायकल चालवणाऱ्यांसाठी एसपीडी नावाची रचना आणली, तिच्यात दोन बोल्टांची लहान क्लीट सोलच्या खाचेत आत बसवलेली होती. चालताना रबर जमिनीला लागते, पोलाद लागत नाही, निदान नव्या बुटात तरी. कोकणात सायकल चालवणाऱ्याला फेरीबोटीच्या लोखंडी फळ्या, शेवाळलेला धक्का, जांभ्याच्या पायऱ्या आणि मध्येच पुळण लागते, म्हणून माझ्यासारख्याने तीन बोल्टांचा विचारच करू नये. इथे एक बारकावा सांगून ठेवतो: शिमानोच्या दोन बोल्टांच्या क्लीटमध्येही दोन प्रकार आहेत. एसएच ५१ टाच बाजूला वळवल्यावरच सुटते, तर एसएच ५६ घाबरून पाय तिरका वर ओढला तरी सुटते. नवशिक्याच्या बुटाला पहिल्या दिवशी ५६ लावावी, असे माझे मत एका केळीच्या बागेत आडवे पडल्यानंतर झाले.

खरा वाद यापुढचा आहे. स्प्रिंग, जबडा, खटका ही सगळी यंत्रणा पेडलमध्ये असावी की बुटात? अमेरिकेच्या रिचर्ड ब्राइन यांनी स्पीडप्ले या पेडलमध्ये ती बुटात नेली. पेडल उरले ते काठीवरच्या गोळीएवढे: लहान, गोल, दोन्ही बाजूंनी सारखे, त्यामुळे पाय कुठूनही टेकवला तरी अडकतो. वर पायाला आत-बाहेर फिरायला मोकळीकही मोठी, शून्यापासून पंधरा अंशांपर्यंत हवी तशी ठेवता येते. गुडघा दाराच्या बिजागरीसारखा एकाच रेषेत हलत नसल्यामुळे ही मोकळीक चैनीची गोष्ट नाही. क्लीट चुकीच्या कोनात आवळली तर दुखणे पावलात सुरू न होता गुडघ्यात सुरू होते. कागदावर मला ही रचना फार आवडते. पण पेडल जमिनीपासून वरच राहते, आणि बूट जिथे पाय जाईल तिथे जातो. मुरूडच्या पुळणीवर दहा पावले चाललात की वाळूचे कण स्प्रिंगच्या पोटात जाऊन बसणार. स्वच्छ डांबरी रस्त्याच्या देशात जे सुटसुटीत आहे, ते इथे घरी आल्यावर टाचणीने कोरत बसण्याचे काम होते. आमच्या किनाऱ्यापुरते बोलायचे तर यंत्रणा पेडलमध्येच असावी आणि बुटाखाली एक मुका, घन तुकडा असावा.

चुंबकाची पेडलही निघाली आहेत. त्यांत हलणारा एकही भाग नाही: बुटाखाली पोलादाची पट्टी, पेडलमध्ये जोरदार चुंबक. फिटरच्या नजरेला याहून गोड काही नाही. परंतु ज्याचे लहानपण रत्नागिरी जिल्ह्यात गेले त्याला आठवत असेल की फुटक्या स्पीकरचा चुंबक वाळूतून फिरवला की त्याला काळी दाढी फुटते. आमच्या काळ्या वाळूत लोहखनिज आहे. चुंबकी पेडलला ही दाढी पहिल्याच फेरीत फुटेल, आणि चुंबकाला चिकटलेली वाळू पुसून काढणे काय असते ते करून पाहिल्याशिवाय कळत नाही.

आता स्क्रूविषयी. माझी पेडल दोन्ही बाजूंनी अडकणारी आहेत, म्हणजे प्रत्येकात दोन जबडे, प्रत्येक जबड्याला स्प्रिंगचा ताण कमी-जास्त करणारा एक स्क्रू. दोन पेडल, चार स्क्रू, आणि चारही सारखेच आवळलेले हवेत, नाहीतर पाय आज सहज सुटतो आणि उद्या, पेडल उलटे फिरले असताना, सुटत नाही. पहिल्या पावसाळ्यात मी ते अधूनमधून फिरवत असे. दुसऱ्या पावसाळ्यात खाऱ्या हवेने आणि तांबड्या चिखलाने चारही स्क्रू जागच्या जागी धरले. त्यांतल्या दोन स्क्रूंची डोकी ॲलन कीने, म्हणजे षटकोनी चावीने, गोल झाली. तेव्हापासून ते सर्वांत सैल खुणेवर गोठलेले आहेत, आणि मला त्यांची एकदाही आठवण झालेली नाही. शर्यतीत उभे राहून जोर लावणाऱ्याला घट्ट स्प्रिंग लागते हे मान्य. पण त्या थोड्यांसाठी सगळ्यांच्या पेडलमध्ये चार स्क्रू, त्यांचे आटे, त्यांच्या खुणा आणि त्यांचा गंज आला. शिवाय स्क्रूचा एक छुपा दोष आहे: क्लीट झिजून पकड ढिली पडते तेव्हा माणूस क्लीट बदलण्याऐवजी स्क्रू आवळतो, आणि झीज डोळ्यांआड राहते.

क्रँकब्रदर्स या कंपनीच्या 'एगबीटर' पेडलने हा स्क्रू काढूनच टाकला. अंडे फेटण्याच्या रवीसारखे, चार पात्यांचे, सगळीकडून उघडे पेडल आहे ते. चिखल आत साचायला जागाच नाही आणि पाय चारही बाजूंनी अडकतो. ताण बदलता येत नाही. किती अंश वळल्यावर सुटावे एवढेच निवडायचे, पंधरा की वीस, आणि तेही वेगळा भाग न लावता: डाव्या बुटाची क्लीट उजव्याला आणि उजव्याची डाव्याला लावली की कोन बदलतो. ही युक्ती मी प्रथम वाचली तेव्हा मला मनापासून हसू आले. नोकरीत मुलांना समजावून सांगत असे ते हेच होते, की भाग वाढवण्याआधी असलेला भाग उलटा धरून पाहा.

मग सगळेच काढून साधे पेडल का लावत नाही, असा प्रश्न घरातून वारंवार येतो आणि त्याला माझ्याकडे ठणठणीत उत्तर नाही. बांधलेला पाय वर ओढून जोर मिळतो, ही समजूत फारशी टिकत नाही. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सायकलपटूंना मुद्दाम पाय वर ओढायला सांगितले, तेव्हा त्यांची कार्यक्षमता वाढण्याऐवजी घटली. मला क्लीट लागते ती पावसासाठी. भिजलेल्या पेडलवरून पाय घसरला की पेडल नडगीवर येते, आणि आसूदच्या चढाला थकलेला पाय आपण कुठे टेकवतो आहोत हे पाहण्याच्या मनःस्थितीत नसतो. हे कारण पुरेसे आहे की केवळ सवय आहे, हे मी ठरवू शकलेलो नाही. मात्र यंत्रातले जे अवघड दिसते ते सगळे फालतू असते असे मी म्हणत नाही. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात आणि दरवर्षी एखादा मुलगा ते जोर लावून बिघडवत असे. तरी ते उलटे असायलाच हवेत, कारण फिरत्या भारामुळे सुलटे आटे चालता चालता उलगडत जातात.

परत बोल्टाकडे येतो. एसपीडीच्या क्लीटचे बोल्ट पाच मिलिमीटरचे आणि त्यांच्या डोक्यात चार मिलिमीटरची षटकोनी खाच. ही खाच बुटाच्या तळाशी, जमिनीकडे तोंड करून असते; म्हणजे जगातल्या सर्व चिखलाला आमंत्रण. जांभ्याचा चिखल तिच्यात वाळला की विटेसारखा होतो, ॲलन की अर्धीच बसते, आणि अर्धी बसलेली की खाच गोल करते. यावर मेणबत्तीचे मेण वितळवून खाचेत भरणे हा उपाय चांगला चालतो. हवे तेव्हा टाचणीने काढता येते. आट्यांना मी नारळाचे तेल लावून पाहिले आणि पस्तावलो. बोटीच्या शाफ्टला लावतात ते पाण्याला न जुमानणारे ग्रीस लावले तेव्हापासून बोल्ट दर दोन महिन्यांनी निमूटपणे निघतात. पण हे सगळे निगेचे झाले. मूळ दोष तसाच राहतो: क्लीट फिरू नये याची सारी जबाबदारी दोन बोल्टांच्या दाबावर आहे. क्लीट मागे-पुढे, आत-बाहेर आणि तिरकी करता यावी म्हणून सोलमध्ये तिच्यासाठी पक्की खोबण करता येत नाही. जुळवण्याची सोय ठेवली म्हणून पक्केपणा गेला.

पट्ट्यांच्या काळात हा प्रश्न नव्हता. तेव्हाचे सायकलस्वार नवे चामडी बूट घालून आधी काही दिवस क्लीटशिवायच सायकल चालवत. पेडलच्या पट्टीचा वळ सोलवर उमटे, आणि त्या वळावर खाच जुळवून क्लीट खिळ्यांनी ठोकून टाकत. पाय कुठे आणि कोणत्या कोनात बसू इच्छितो हे पायानेच लिहून दिलेले असे. एकदा ठोकली की ती फिरण्याचा प्रश्नच नसे. मला वाटते, जुळवणी आणि पक्केपणा यांतले भांडण असेच मिटते: जुळवण्याची मुभा पहिल्या महिन्यापुरती असावी, नंतर ती बंद करता यावी. इतक्या वर्षांत मी माझ्या क्लीटचा कोन दोनदा बदलला आहे, दोन्ही वेळा पहिल्या पंधरा दिवसांत.

म्हणून मी एक तिसरे भोक पाडायचे ठरवले: दोन बोल्टांच्या मधोमध, किंचित मागे, तीन मिलिमीटरचे, ज्यातून एक छोटा स्क्रू थेट सोलमध्ये जाईल आणि एक बोल्ट गळला तरी क्लीटला फिरू देणार नाही. कंपनीची क्लीट कठीण केलेल्या पोलादाची असते; हर्णैच्या वर्कशॉपमध्ये आम्ही दोन ड्रिल मोडली आणि तिच्यावर ओरखडाही नीट उठला नाही. तेव्हा माझ्या विद्यार्थ्याने पितळेची पट्टी काढली, जुनी क्लीट तिच्यावर ठेवून रेघा मारल्या आणि आम्ही दोघांनी मिळून दीड दिवसात कानशीने जोडी घडवली. पितळेत भोक लोण्यात बोट घातल्यासारखे गेले. मात्र पितळ मऊ असल्यामुळे ती जोडी गणपतीपासून दिवाळीपर्यंतच टिकली. पुढचे टोक गोल झाले आणि पाय नको तेव्हा सुटू लागला. मी हिरमुसून झिजलेली जोडी त्याच्या टेबलावर ठेवली. तो म्हणाला, "झिजू दे की सर. पेडलला काय झालंय काय? मग चांगलंच झालं. बोटीच्या सुकाणाजवळ जस्त ठोकतो ते कशाला? पाण्यानं त्याला खावं आणि पंखा सोडावा म्हणून."

हे मी शिकवायला हवे होते, ते मलाच शिकावे लागले. पंधरा-वीस रुपयांच्या पितळेने झिजावे आणि हजारोंच्या पेडलच्या जबड्याने तसेच राहावे, हा हिशेब चुकीचा नाही. एगबीटरच्या क्लीटही पितळेच्याच असतात हे तेव्हा पुन्हा आठवले. अडचण एवढीच की झीज किती झाली हे पाय सुटल्यावर कळता कामा नये. दुसऱ्या जोडीच्या पुढच्या टोकावर आम्ही कानशीने एक बारीक आडवी रेघ कोरली आहे. ती पुसली गेली की क्लीट बदलायची.

ही दुसरी जोडी बुटांना लावून, पहिले पंधरा दिवस तिसरे भोक रिकामे ठेवून, गुडघ्याला विचारून कोन ठरवला आणि मग स्क्रू आवळले. त्यानंतर अंगणात सायकल पायरीला टेकवून मी डाव्या बुटाचा एक बोल्ट मुद्दाम काढला, पाय अडकवला आणि खांबाला धरून टाच बाहेर वळवली. क्लीट कुरकुरली, किंचित फिरली, स्क्रूने सोलच्या प्लास्टिकमध्ये थोडी जागा केली, आणि पाय सुटला. तीनदा केले, तिन्ही वेळा सुटला. चौथ्यांदा स्क्रू ढिला वाटला म्हणून थांबलो. रस्त्यावर हा स्क्रू किती वेळ टिकेल ते बोल्ट खरोखर गळेल तेव्हाच कळेल. तूर्त मी त्याच्या जागी चार मिलिमीटरचा घालावा की सोलच्या आतून एक पत्रा द्यावा, यावर आमचे एकमत होत नाही. विद्यार्थ्याचे म्हणणे पत्रा द्यावा. मला पत्रा नको आहे. तो एक भाग वाढतो.